प्रतिजैविकांशिवाय कोंबडी वाढेल का?

अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले ब्रॉयलर कोंबडीचे पिल्लू सुमारे ४० ग्रॅम वजनाचे असते. चाळीस दिवसांनी तेच पिल्लू दोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे पन्नासपट वाढ! तीन किलो वजनाचे माणसाचे बाळ या वेगाने वाढले असते, तर चाळीस दिवसांत दीडशे किलोचे झाले असते.

वर्गात हा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "या कोंबड्यांना इंजेक्शने देऊन फुगवतात, हे खरे का?" हे खरे नाही. हजारो पक्ष्यांना पुनःपुन्हा टोचत बसणे कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. हा वेग आला आहे तो अनेक पिढ्यांच्या निवडीतून आणि काटेकोर आहारातून. मात्र प्रश्नामागची शंका अगदीच निराधार नाही. पक्षी आजारी नसतानाही त्यांच्या खाद्यात थोडे थोडे प्रतिजैविक मिसळायचे, ही पद्धत जगभर अनेक दशके चालत आली. कित्येक देशांनी ती आता बंद केली आहे, कित्येक ठिकाणी ती बंद होऊ घातली आहे. तिच्या जागी काय घालायचे, यावर आमच्यासारखे पशुपोषणाचे अभ्यासक गेली पंचवीस-तीस वर्षे काम करीत आहेत.

'प्रतिजैविकाऐवजी काय?' या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी प्रतिजैविक तिथे नेमके कोणते काम करीत होते, हे समजून घ्यायला हवे.

चोथ्यातून लागलेला शोध

दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट. नुसत्या मका-सोयाबीनच्या खाद्यावर कोंबडीची पिल्ले नीट वाढत नसत. मासळीचा भरडा किंवा तसाच एखादा प्राणिज पदार्थ घातला की ती वाढत. त्या पदार्थांतील अज्ञात घटकाला शास्त्रज्ञ 'प्राणिज प्रथिन घटक' म्हणत. तो घटक म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व असल्याचे पुढे कळले. काही सूक्ष्मजीव हे जीवनसत्त्व तयार करतात, तेव्हा ते त्यांच्याकडून स्वस्तात मिळवावे असा विचार सुरू झाला.

अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत त्या काळात ऑरिओमायसिन हे नवे प्रतिजैविक तयार होत होते. बेंजामिन डगर यांनी ते १९४५ मध्ये शोधले. तेव्हा तेथील संशोधनाचे प्रमुख होते मूळचे आंध्रातील येल्लाप्रगडा सुब्बाराव. ऑरिओमायसिन देणारा सूक्ष्मजीव मोठ्या टाक्यांत वाढवला जाई. औषध काढून घेतल्यावर उरलेला चोथा टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड यांनी १९४८-४९ च्या हिवाळ्यात पिल्लांना खाऊ घालून पाहिला. चोथा खाणारी पिल्ले वाढली. पण भरपूर ब-१२ मिळालेल्या पिल्लांपेक्षाही ती अधिक वाढली! चोथ्यात शिल्लक राहिलेल्या थोड्याशा ऑरिओमायसिनचा हा परिणाम होता. १९५० मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि १९५१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पशुखाद्यात प्रतिजैविके घालायला परवानगी दिली. एका टनाला काही ग्रॅम औषध पुरे होई. स्वस्त आणि सोपा उपाय! तो जगभर पसरला.

औषध नेमके काय करते?

निरोगी पिल्लाला औषध देऊन ते जास्त का वाढावे? प्रतिजैविक हे काही अन्न नव्हे.

या प्रश्नाचे फार सुंदर उत्तर १९६३ मध्ये इंग्लंडमधील कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगाने दिले. त्यांनी काही पिल्ले पूर्ण निर्जंतुक पेट्यांत वाढवली. हवा, पाणी, खाद्य, सारे निर्जंतुक. या पिल्लांच्या आतड्यात एकही जिवाणू नव्हता. त्यांच्या खाद्यात पेनिसिलिन घातले तरी वाढीत फरक पडला नाही. साध्या वातावरणातील पिल्लांना मात्र पेनिसिलिनचा फायदा झाला. नव्या, न वापरलेल्या शेडमध्ये प्रतिजैविकाचा फायदा फारसा दिसत नाही आणि जुन्या, अस्वच्छ शेडमध्ये तो अधिक दिसतो, हेही अनेकांच्या लक्षात आले होते.

निष्कर्ष उघड आहे. प्रतिजैविक पिल्लाला वाढवत नाही; वाढीतला अडथळा कमी करते, आणि हा अडथळा आतड्यातील जिवाणूंशी संबंधित असतो. पिल्लाने खाल्लेल्या अन्नात काही जिवाणू वाटा मागतात. काही जिवाणूंच्या चयापचयातून त्रासदायक पदार्थ तयार होतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारखे काही जिवाणू आतड्याच्या अस्तराला बारीक जखमा करतात. पक्षी आजारी दिसत नाही, पण अस्तराची डागडुजी आणि रोगप्रतिकारयंत्रणेची सततची धावपळ यांत त्याचे अन्न आणि ऊर्जा खर्ची पडतात. तेवढे मांस कमी तयार होते.

म्हणजे प्रतिजैविकाची जागा घेऊ पाहणाऱ्या पदार्थाला यांपैकी एक किंवा अनेक कामे करावी लागतील. ही कामांची यादी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

मग बिघडले कुठे?

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या डिसेंबरमध्ये नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन दिले तर जिवाणू मरणार नाहीत, ते त्याला सरावतील. खाद्यातील प्रतिजैविक म्हणजे नेमकी हीच परिस्थिती: मात्रा कमी, कालावधी लांब आणि पक्ष्यांची संख्या प्रचंड. औषधाला दाद न देणारे थोडे जिवाणू मुळात असतातच. बाकीचे मागे पडले की त्यांना मोकळे रान मिळते. शिवाय प्रतिरोधाची जनुके पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असतात, आणि ही कडी एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे जाऊ शकतात.

अमेरिकेतील स्टुअर्ट लेव्ही यांनी एका शेतावर हे प्रत्यक्ष तपासले आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन सुरू केल्यावर एका आठवड्यात त्यांच्या आतड्यातील जवळजवळ सर्व जिवाणू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही प्रतिरोधी जिवाणूंचे प्रमाण शेजाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे वाढले. या माणसांनी ते औषध घेतलेले नव्हते.

येथे दोन गोष्टींत गल्लत होते, ती टाळायला हवी. मांसात औषधाचा अंश उरणे ही एक गोष्ट. प्रतिरोधी जिवाणू तयार होणे ही दुसरी. कापणीपूर्वी ठरावीक दिवस औषध थांबवले तर पहिला प्रश्न बराचसा सुटतो. दुसरा सुटत नाही. मांस नीट शिजवले की जिवाणू मरतात हे खरे. पण कच्चे मांस हाताळताना, शेडमध्ये काम करताना, तुसात मिसळलेली विष्ठा कोंबडी खत म्हणून शेतात पसरताना हे जिवाणू शेडबाहेर पडतातच.

युरोपात धोक्याची घंटा वाजवली ती अव्होपार्सिन या औषधाने. माणसांना ते कधीच देत नसत, म्हणून ते निर्धोक मानले जाई. पण त्याची रचना व्हँकोमायसिनसारखी आहे, आणि व्हँकोमायसिन हे रुग्णालयातील अखेरच्या हत्यारांपैकी एक. एकाला सरावलेला जिवाणू दुसऱ्यालाही दाद देत नाही. डेन्मार्कमध्ये १९९४ साली माणसांसाठी २४ किलो व्हँकोमायसिन वापरले गेले, तर जनावरांच्या खाद्यात २४,००० किलो अव्होपार्सिन! १९९५ मध्ये डेन्मार्कने अव्होपार्सिनवर बंदी घातली. तेथील ब्रॉयलर कोंबड्यांत मिळणाऱ्या एन्टेरोकॉकस फीशियम या जिवाणूच्या नमुन्यांपैकी १९९५ मध्ये सुमारे ७३ टक्के नमुने या गटाच्या औषधांना प्रतिरोधी होते. २००० मध्ये ते प्रमाण ६ टक्क्यांवर आले.

डुकरांमध्ये मात्र अव्होपार्सिन थांबवल्यावरही प्रतिरोध हटेना. कारण शोधता असे दिसले, की डुकरांतील जिवाणूंमध्ये अव्होपार्सिनविरोधी आणि टायलोसिनविरोधी जनुके एकाच प्लाझ्मिडवर शेजारी शेजारी बसलेली होती. टायलोसिन चालू असल्याने एकाच्या आश्रयाने दुसरे टिकून राहिले. टायलोसिन थांबल्यावरच दोन्ही कमी झाली. जनुकशास्त्र शिकवताना याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

बंदीचा हिशेब

स्वीडनने १९८६ मध्येच वाढीसाठी प्रतिजैविके देणे थांबवले होते. डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी १९९८ च्या आरंभी ती स्वेच्छेने बंद केली आणि १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात ती बंद झाली. मग कोंबड्या वाढायच्या थांबल्या का?

हे समजण्यासाठी पोल्ट्रीवाल्यांचे एक गुणोत्तर माहीत हवे. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागले, याला खाद्य-रूपांतर गुणोत्तर किंवा एफसीआर म्हणतात. ते जितके कमी तितके बरे. डेन्मार्कमधील हजारो कळपांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मरीचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, दर चौरस मीटरमागे मिळणारे मांसही घटले नाही. एफसीआर मात्र ०.०१६ ने वाढले.

हा आकडा आपण फळ्यावर मांडून पाहू. समजा, ५,००० पक्ष्यांची एक बॅच आहे, प्रत्येकी वजन २ किलो. एकूण वजन १०,००० किलो. एफसीआर १.७० असेल तर खाद्य लागेल १७,००० किलो. ते १.७१६ झाले तर १७,१६० किलो, म्हणजे १६० किलो जास्त. खाद्याचा भाव किलोला ४० रुपये धरला तर जादा खर्च ६,४०० रुपये. जिवंत कोंबडीच्या किलोमागे ६४ पैसे. ग्राहकाच्या दृष्टीने ही किंमत क्षुल्लक आहे. पण किलोमागे थोड्या रुपयांच्या नफ्यावर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती क्षुल्लक नाही. त्याला पर्यायी खाद्यपूरक हवे असते ते याच फरकासाठी.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगावर खाद्यातून दिली जाणारी आयोनोफोर नावाची औषधे युरोपात बंदीनंतरही चालू राहिली. ती क्लॉस्ट्रिडियमलाही आवर घालतात. म्हणजे 'प्रतिजैविकमुक्त' या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो. डुकरांच्या बाबतीत तर बंदीनंतर काही काळ उपचारासाठीचा औषधवापर वाढला होता. बंदी म्हणजे जादूची कांडी नव्हे.

आईची भेट न झालेले पिल्लू

आता पर्यायांकडे वळू. गावाकडे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते, पिल्ले काढते आणि त्यांना घेऊन उकिरडा उकरत हिंडते. पिल्ले तिच्या विष्ठेतले, मातीतले कण टिपतात. ही अस्वच्छता वाटते खरी. पण त्यातून आईच्या आतड्यातील जिवाणूंची प्रौढ वसाहत पिल्लाला वारशाने मिळते. उबवणी यंत्रातल्या पिल्लाला हा वारसा नाही. त्याचे आतडे म्हणजे जणू रिकामा भूखंड. जो आधी येईल तो ताबा घेणार.

फिनलंडमध्ये १९७१ साली ब्रॉयलर कळपांत साल्मोनेला जिवाणूची मोठी साथ आली. तेव्हा एस्को नुर्मी आणि रंताला यांनी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव एक-दोन दिवसांच्या पिल्लांना पाजून पाहिला. पुढे त्यांना साल्मोनेला दिला तरी बहुतेक पिल्लांत त्याची वसाहत झाली नाही. १९७३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. चांगल्या शेजाऱ्यांनी जागा भरून टाकली की वाइटाला शिरकाव मिळत नाही. ते आतड्याच्या अस्तरावरची जागा अडवतात, अन्न संपवतात, आम्ले तयार करून परिस्थिती प्रतिकूल करतात. याला 'स्पर्धात्मक वगळणूक' म्हणतात.

खाद्यातून दिली जाणारी उपयुक्त जिवाणूंची पूरके, म्हणजे प्रोबायोटिक, याच कल्पनेवर उभी आहेत. त्यांत दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद लॅक्टोबॅसिलस असतात, बॅसिलस सबटिलिससारखे बीजाणू तयार करणारे जिवाणूही असतात. खाद्याच्या गोळ्या करताना ते ८० अंशांपर्यंत तापवतात. लॅक्टोबॅसिलस त्यात मरतात. बॅसिलसचे बीजाणू टिकतात. म्हणून पहिले बहुधा पाण्यातून, दुसरे खाद्यातून देतात. दिलेल्या जिवाणूंमध्येच प्रतिरोधाची जनुके नाहीत ना, हे तपासणे फार महत्त्वाचे. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याऐवजी आपण चोरालाच पाहुणा म्हणून घरी आणू!

जिवाणूंचा खाऊ आणि फसवी खुंटी

नवे जिवाणू देण्याऐवजी असलेल्यांपैकी चांगल्यांना खाऊ घालणे, हा दुसरा मार्ग. पक्ष्याला न पचणाऱ्या पण उपयुक्त जिवाणूंना आवडणाऱ्या काही शर्करा असतात. लसूण, कांदा आणि कासनीच्या मुळांत आढळणाऱ्या फ्रुक्टोजच्या साखळ्या त्यांपैकीच. यांना प्रीबायोटिक म्हणतात.

यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून मिळणारी मॅनोजची साखळी जरा निराळे काम करते. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे असतात. आतड्याच्या पेशींवरील मॅनोज या शर्करेला हे धागे धरतात आणि जिवाणू तिथे चिकटतात. खाद्यातच मॅनोज असले, तर जिवाणू त्या फसव्या खुंटीला धरून विष्ठेबरोबर बाहेर जातात. येथे जिवाणू मारला जात नाही, नुसता हुकवला जातो. मात्र ज्यांच्या अंगावर असे धागे नाहीत, त्या क्लॉस्ट्रिडियमसारख्या जिवाणूंवर ही युक्ती चालत नाही.

आम्लाची कथा

लोणच्यात व्हिनेगर का घालतात? आम्लात जिवाणू वाढत नाहीत म्हणून, हे आपण सांगतो. पण फॉर्मिक, प्रोपिऑनिक, ब्यूटिरिक यांसारख्या सेंद्रिय आम्लांचे काम त्याहून बारीक आहे. या आम्लाचा अखंड, विद्युतभार नसलेला रेणू जिवाणूच्या पटलातून आत शिरतो. आतील सामू सातच्या आसपास असल्याने तेथे तो फुटतो आणि हायड्रोजन आयन सुटतो. हे आयन बाहेर फेकता फेकता जिवाणूची ऊर्जा संपते.

आता गंमत पाहा. बाहेरचाच सामू जास्त असेल, तर रेणू आधीच फुटलेला असतो आणि आत शिरू शकत नाही. प्रोपिऑनिक आम्ल ४.८७ सामूला निम्मे अखंड असते. ६.८७ सामूला शंभरांत सुमारे एकच रेणू अखंड उरतो. पिल्लाच्या अन्नपुटात आणि पेषणीत सामू कमी असतो, म्हणून तेथे हे आम्ल साल्मोनेलाला आवर घालते. लहान आतड्यात सामू सहा-सातच्या घरात जातो, आणि साधे आम्ल तोवर शोषलेही गेलेले असते. म्हणून आम्लाला स्निग्ध पदार्थाचे कवच देऊन ते आतड्यापर्यंत पोहोचवतात. ब्यूटिरिक आम्लाचा आणखी एक फायदा असा, की आतड्याच्या अस्तरातील पेशी ते इंधन म्हणून वापरतात.

न पचलेले अन्न हीच मेजवानी

विकरे, म्हणजे एन्झाइम, जिवाणूंशी थेट लढत नाहीत. ती जिवाणूंचे ताट काढून घेतात. गहू आणि बार्ली यांच्या दाण्यांत अशी काही तंतुमय द्रव्ये असतात, की ती आतड्यात विरघळून खळीसारखा चिकटपणा आणतात. पचन मंदावते, न पचलेले अन्न पुढे सरकते आणि तेथील जिवाणूंची मेजवानी होते. झायलनेज आणि बीटा-ग्लुकनेज ही विकरे या द्रव्यांचे तुकडे करतात. युरोपात गहू-बार्लीच्या खाद्यावर त्यांचा फायदा ठळक दिसतो. आपल्याकडच्या मका-सोयाबीनच्या खाद्यात अशी चिकट द्रव्ये कमी असल्याने फायदाही कमी असतो. परदेशी आकडे जसेच्या तसे आपल्या शेडला का लावू नयेत, याचे हे चांगले उदाहरण.

फायटेज हे विकर मात्र आपल्याकडेही उपयोगी. धान्यातील सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेट या रूपात बांधलेला असतो व कोंबडीला तो नीट वापरता येत नाही. फायटेज तो मोकळा करते. खाद्यातील खनिज फॉस्फेटचा खर्च वाचतो आणि विष्ठेतून जमिनीत-पाण्यात जाणारा फॉस्फरसही घटतो.

ओवा, लवंग, दालचिनी

ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड ही द्रव्ये जिवाणूंच्या पटलाला इजा करतात, हे काचेच्या बशीत सहज दाखवता येते. आपल्या घरच्या बटव्यातली ही नावे असल्याने त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे. पण बशीत जिवाणू रोखायला लागणारी मात्रा खाद्यात घालता येणाऱ्या मात्रेपेक्षा बहुधा खूप जास्त असते. ही द्रव्ये आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच बरीचशी शोषली जातात. शिवाय जमीन, हंगाम आणि वाण यांनुसार ओव्यातील थायमॉलचे प्रमाण बदलते, तेव्हा 'ओव्याची पूड' हे काही ठरलेल्या ताकदीचे औषध नव्हे. काही चाचण्यांत फायदा दिसतो, काहींत नाही.

'नैसर्गिक' या शब्दानेही हुरळून जाऊ नये. तांबे हे नैसर्गिक मूलद्रव्यच आहे. पण डुकरांच्या खाद्यात ते जास्त प्रमाणात घातल्यावर तांबे सोसणारे जिवाणू निवडले गेले, आणि त्यांच्यापैकी अनेकांत तांब्याविरुद्धचे जनुक व प्रतिजैविकाविरुद्धचे जनुक एकत्र आढळले. टायलोसिनची गोष्ट आठवते ना?

'फायदा झाला' म्हणजे काय?

बाजारात अशा पूरकांच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. 'वजन अमुक टक्क्यांनी वाढले' असे वाचले की काय विचारावे? विज्ञानाच्या शिक्षकाला येथे शिकवायला पुष्कळ आहे.

पहिला प्रश्न: तुलना कोणाशी? पूरक नसलेला गट हवाच, आणि प्रतिजैविक दिलेला गटही हवा. दुसरा: गट किती? एका शेडमधील ५,००० पक्ष्यांना पूरक दिले व दुसऱ्या शेडमधील ५,००० पक्ष्यांना दिले नाही, तर तो दहा हजारांवरचा प्रयोग ठरत नाही. पूरक पक्ष्याला नव्हे, तर शेडला दिले आहे. म्हणून तुलना फक्त एकास एक. एका शेडमध्ये वारा बरा असेल, तर श्रेय पूरकाला जाईल! त्याऐवजी एकाच शेडमध्ये छोटे कप्पे पाडून, चिठ्ठ्या टाकून कोणाला काय द्यायचे ते ठरवावे लागते.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात: शेड किती स्वच्छ होती? निर्जंतुक पेट्यांतला तो १९६३ चा प्रयोग आठवा. अडथळाच नसेल, तर तो दूर करणारा पदार्थ काय दाखवणार? विद्यापीठाच्या चकचकीत शेडमध्ये निरुपयोगी ठरलेले पूरक गावच्या जुन्या तुसावर कामाचे ठरू शकते, आणि एका शेतकऱ्याला लाभलेले पूरक शेजाऱ्याकडे वाया जाऊ शकते. निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

यातून दुसरीही गोष्ट निघते. शेड स्वच्छ आणि कोरडी ठेवणे, तूस वेळेवर बदलणे, दोन बॅचमध्ये शेड काही दिवस रिकामी ठेवणे, पिल्लांना पहिल्या आठवड्यात पुरेशी ऊब देणे, पाण्याच्या नळ्या धुणे, गर्दी कमी करणे आणि लसीकरण पाळणे ही सारी कामेसुद्धा तोच अडथळा दूर करतात. ती पुडीत विकता येत नाहीत, म्हणून त्यांची जाहिरात होत नाही. सुरुवातीला आपण केलेली कामांची यादी पाहिली, तर एकही पूरक सर्व कामे एकट्याने करीत नाही. प्रोबायोटिक जागा अडवते, विकर ताट काढून घेते, आम्ल अन्नपुटात पहारा देते, यीस्टची साखळी चिकटणे चुकवते. प्रतिजैविकाचा पर्याय म्हणजे दुसरी एखादी पुडी नव्हे. तो अशा छोट्या उपायांचा आणि चांगल्या व्यवस्थेचा संच आहे.

वर्गात करण्यासारखे

एफसीआरचे गणित विद्यार्थ्यांकडून स्थानिक भाव घेऊन करवावे. गावात पोल्ट्री असेल तर मालकाच्या परवानगीने एका बॅचच्या नोंदी, म्हणजे खाद्य, वजन आणि मर, मिळवून गुणोत्तर काढता येईल. खाद्याच्या पोत्यावरील छापील मजकूर वाचून त्यात कोणकोणती पूरके आहेत, याची यादी करता येईल. एखादी जाहिरात फळ्यावर लिहून वरील तीन प्रश्न लावून पाहावेत. विकराचे काम दाखवायचे असेल तर पातळ खळीत लाळ मिसळून दर दोन मिनिटांनी आयोडिनचा थेंब टाकावा. निळा रंग फिका होत जातो. आतड्यातले जिवाणू वाढवून पाहण्याचे प्रयोग मात्र शाळेत करू नयेत.

हा सारा खटाटोप थोड्या पैशांच्या फरकासाठी आहे असे कोणी म्हणेल. प्रत्यक्षात पणाला लागली आहेत ती औषधे. कोलिस्टिन हे फार जुने प्रतिजैविक. मूत्रपिंडांना त्रास देते म्हणून डॉक्टरांनी ते जवळजवळ बाजूला ठेवले होते. इतर औषधे निकामी ठरू लागली तेव्हा अतिदक्षता विभागात त्यालाच परत बोलवावे लागले. दरम्यान पशुखाद्यात ते सर्रास वापरले जात होते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे आणि प्लाझ्मिडवरून पसरू शकणारे जनुक डुकरे, मांस आणि रुग्ण यांत सापडल्याचे जाहीर केले. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळलेले प्राणी, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्य पूरके यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण बंद केले.

आजारी पक्ष्याला औषध जरूर द्यावे. पशुवैद्याच्या सल्ल्याने, पुऱ्या मात्रेत, ठरलेले दिवस. पण जे काम स्वच्छ तूस, नीट पचणारे खाद्य आणि आतड्यातले चांगले शेजारी करू शकतात, त्यासाठी माणसाच्या अखेरच्या औषधांची धार बोथट करणे हा महागडा सौदा आहे. किलोमागच्या ६४ पैशांत ती धार टिकत असेल, तर ते पैसे एकट्या शेतकऱ्याने सोसावेत की आपण सर्वांनी वाटून घ्यावेत, हा प्रश्न वर्गात चर्चेला घ्यायला हरकत नाही.